लॉगबुकात न चढलेले तास
नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

माननीय महासंचालक महोदय,


पत्रास कारण की, गेल्या शनिवारी दुपारी माझ्या पुण्यातल्या घराच्या मागच्या खोलीत एक मुलगी ढगांतून नागपूरच्या 32 क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरत होती आणि तिला न सांगता मी तिच्या विमानाचा व्हॅक्यूम पंप बंद केला.

खोली म्हणजे फार काही नाही. एक जुनं टेबल, त्याला शिकंज्याने आवळलेलं योक, तीन पडदे, एक बऱ्यापैकी संगणक आणि त्यात एक्स-प्लेन हा सिम्युलेटर. रडर पेडल्सवर जोर दिला की ती पुढे सरकतात, म्हणून त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये दोन विटा ठेवल्या आहेत. मुलगी परभणीची. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात येऊन तिला चौदा महिने झाले. लॉगबुकात दोनशेच्या वर पाच-सहा तास, नोकरी नाही. सकाळी एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते आणि शनिवारी माझ्याकडे येते. मी फी घेत नाही. संक्रांतीच्या सुमारास डबाभर गुळाच्या पोळ्या आल्या होत्या, त्या मात्र घेतल्या.

जुन्या सेसना 172 मध्ये इंजिनावर चालणारा एक छोटा पंप हवा ओढतो आणि त्या हवेवर कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या यंत्रातला भोवरा फिरतो. पंप गेला तरी भोवरा लगेच थांबत नाही. तो हळूहळू मंदावतो आणि काचेमागचं क्षितिज एकेक अंश कलायला लागतं. बाहेर ढग असेल तर वैमानिकाला वाटतं की विमानच कलतंय. तो ते सरळ करायला जातो आणि धडधाकट विमान स्वतःच्या हाताने आडवं करतो. शेजारी विजेवर चालणारा टर्न कोऑर्डिनेटर खरं सांगत असतो, पण त्याच्याकडे बघायची सवय हवी. हा बिघाड खऱ्या विमानात शिकवायचा म्हणजे आम्ही शिक्षक काय करतो? एक रबराचं झाकण किंवा कागदाचा तुकडा त्या यंत्रावर चिकटवतो. विद्यार्थ्याला त्याच क्षणी कळतं की हे गेलं. झाकलेलं यंत्र फक्त गप्प बसतं. बिघडलेलं यंत्र खोटं बोलतं. सव्वीस वर्षं मी मुलांना गप्प यंत्राशी झुंजायला शिकवलं आणि खोटारड्या यंत्राचा धडा शिकवला असं समजत राहिलो.

परवा ती साडेचारशे फूट मिनिटाला अशा बेताने उतरत होती, वेग 90 नॉट, दोन्ही सुया मधोमध. क्षितिज उजवीकडे कलायला लागलं तसं तिचं योक डावीकडे गेलं. मी घड्याळ बघत होतो. दहा सेकंद. वीस. दिशा बदलत होती, धावपट्टीची रेषा दाखवणारी लोकलायझरची सुई कडेला निघाली होती आणि ती मुलगी कलत्या क्षितिजाच्या मागे मागे चालली होती. चाळीस सेकंदांनी ती थांबली. "सर, हे खोटं बोलतंय," म्हणाली, टेबलावरचं पिवळं चिठोरं उचलून स्वतःच पडद्यावरच्या त्या यंत्रावर चिकटवलं, पॉवर लावली आणि उतरणं सोडून गो-अराउंड घेतला. त्यानंतर तासाभरात मी तोच डाव आणखी तीनदा टाकला, दरवेळी वेगळ्या ठिकाणी. शेवटच्या वेळी तिला बारा सेकंद लागले.

महोदय, या दीड तासातलं एक मिनिटही तिच्या लॉगबुकात चढणार नाही. माझं यंत्र आपल्याकडून मान्यता मिळालेलं नाही आणि टेबलाला आवळलेल्या अशा योकला ती मिळावी असा माझा आग्रहही नाही. पण याच मुलीने कुठून तरी पैसे आणून निरभ्र डिसेंबरात विमान भाड्याने घेतलं आणि धावपट्टीभोवती तासभर चकरा मारल्या, तर तो तास चढेल. चकरा मारताना ती काही शिकली का, हा प्रश्न कोणी विचारणार नाही. त्या तासाला आज दहा हजारांच्या वर मोजावे लागतात आणि तीसेक लिटर एव्हगॅस जळतं, ते वेगळंच. हा हिशेब कुठेतरी चुकतोय, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या धंद्यात एकमेकांना विचारतात, "करंट आहेस ना?" माझ्या आईला हा प्रश्न विजेचा वाटायचा. अर्थ साधा आहे: परवाना तुझ्याकडे आहे, पण हात आहे का? परवान्याची मुदत आपल्या खात्याने 2023 साली पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेली आणि कागदपत्रांचा ताप कमी केला, हे चांगलंच झालं. हाताची मुदत मात्र वाढवता येत नाही. ती किती कमी असते ते मी एकदा बघितलंय.

1994 साली कावीळ होऊन मी सात महिने घरी होतो. परतल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर तीन सर्किट मारली, सही झाली, कागदावर सगळं चोख. सप्टेंबरच्या शेवटी सेसना 152 घेऊन धुळ्याहून जुहूला निघालो. इगतपुरीच्या अलीकडे समोरचे पांढरे पुंजके एकमेकांना भिडले आणि मी त्यांच्या आत होतो. डावीकडे कुठेतरी कळसूबाई, 5,400 फूट. कान शपथेवर सांगत होता की विमान डावीकडे झुकलंय. यंत्र म्हणत होतं, सरळ आहे. मला सगळं पाठ होतं, मी ते शिकवत होतो, आणि तरी माझं अख्खं शरीर खुर्चीत उजवीकडे कललेलं होतं. मागे वळायचं एवढंच काम होतं, 180 अंश, सेकंदाला तीन अंश, म्हणजे एक मिनिट. मला चार लागली. बाहेर पडलो तेव्हा सातशे फूट खाली आलो होतो आणि दिशा 40 अंशांनी चुकली होती. धुळ्याला परत उतरून चहा घेतला, तेव्हा कप बशीवर वाजत होता.

नंतर वाचनात आलं की 1954 साली इलिनॉय विद्यापीठात नेमका हाच प्रयोग झाला होता. यंत्रांवर उडायचा सराव नसलेले वीस वैमानिक घेतले, त्यांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय केली आणि घड्याळ लावलं. विसाच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. सरासरी 178 सेकंदांत. ही संख्या पुष्कळांना माहीत असते. त्याच प्रयोगाचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. याच माणसांना मोजक्या तासांची नेमकी शिकवणी दिली आणि पुन्हा तशाच अवस्थेत सोडलं, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी ते विमान वळवून सुखरूप बाहेर आले. एकूण तास त्यांचे फारसे वाढले नव्हते. काय केलं ते बदललं होतं.

सिम्युलेटर हे काही नवं खूळ नाही, हेही सांगायला हवं. कारण आमच्याकडे जुन्या पिढीतले काही अजूनही त्याला व्हिडिओ गेम म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एड लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता. 1920 साली या मुलाने उड्डाणाचा पहिला धडा घेतला. 50 डॉलर भरले, शिक्षकाने त्याला आकाशात गरागरा फिरवून आणलं आणि दांड्याला हातसुद्धा लावू दिला नाही. (लाखो रुपये भरून विमानाच्या आणि शिक्षकाच्या वाटेकडे डोळे लावून महिनोन्महिने बसणाऱ्या आमच्या मुलांनी हे वाचावं; परंपरा जुनी आहे.) लिंकने मग घरातल्याच वस्तू वापरल्या. आपल्या बाजाच्या पेटीत असतो तसा भाता, पंप आणि झडपा. दांडा हलवला की भात्यांत हवा भरे, निघून जाई आणि लाकडाची छोटी केबिन कले, वळे, नाक वर करे. 1929 पर्यंत हे यंत्र तयार झालं. ते घेतलं कोणी, तर जत्रेतल्या खेळवाल्यांनी.

1934 साली अमेरिकी सरकारने हवाई टपालाचं काम खासगी कंपन्यांकडून काढून लष्कराला दिलं. भर हिवाळ्यात, रात्री, ढगांत उडायचा सराव नसलेल्या लष्करी वैमानिकांना. काही आठवड्यांत डझनभर माणसं गेली. लष्कराचे अधिकारी लिंकला भेटायला विमानतळावर थांबले होते. हवा इतकी खराब की तो येणार नाही असं धरून ते निघायच्या बेतात होते. तेवढ्यात तो यंत्रांच्या भरवशावर त्या धुक्यातून उतरला. लष्कराने सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी सुमारे साडेतीन हजार डॉलरला. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अशी दहा हजारांवर यंत्रं झाली आणि पाच लाखांच्या आसपास वैमानिक त्या निळ्या डब्यात बसून शिकले. त्या डब्याला खिडकीतलं दृश्य नव्हतं. वर टोपण लावलं की अंधार. आणि नेमकं तेच हवं होतं.

आता उलट बाजू, कारण मी सिम्युलेटर विकायला बसलेलो नाही.

माझ्या खोलीत उतरणं शिकता येत नाही. धावपट्टीपासून वीस फुटांवर डोळ्याच्या कडांना जमीन रुंदावल्यासारखी दिसते, मग बुडाखाली विमान तरंगतं, आणि त्या दोन-तीन सेकंदांत हात आपोआप मागे येतो. पडद्याला कडा नाहीत आणि माझी खुर्ची तरंगत नाही. घरी संगणकावर शेकडो तास उडवून आलेली मुलं पहिल्या दिवशी ओळखू येतात: बाहेर लखलखीत क्षितिज असताना त्यांची मान यंत्रांत खुपसलेली असते. मी त्यांच्या समोरची यंत्रं वर्तमानपत्राने झाकतो, मग कुठे बाहेर बघतात. शिवाय माझ्या खोलीत कान फसत नाही. इगतपुरीला माझ्या कानाने जो दगा दिला, तो टेबलाशी बसून मिळत नाही. सहा पायांवर हलणारी, कोट्यवधींची मोठी सिम्युलेटर्स तो थोडाफार देतात, तेही गमतीदार रीतीने. टेक-ऑफचा जोर पाठीला जाणवावा म्हणून ती केबिन मागे कलवतात आणि आपला कान कलण्यालाच वेग वाढणं समजतो. म्हणजे ढगात माणसाला मारणारा जो कानाचा दोष, त्याच्याच आधारावर सगळा देखावा उभा आहे. हात चालू राहावा म्हणून असलेली तीन टेक-ऑफ, तीन लँडिंगची अट खऱ्या विमानावरच राहावी. तिथे एक इंचही सूट मागत नाही.

आणि सिम्युलेटर चुकीचंही शिकवतो, तेव्हा फार पक्कं शिकवतो. 12 नोव्हेंबर 2001 ला अमेरिकन एअरलाइन्सचं 587 क्रमांकाचं एअरबस ए-300 न्यूयॉर्कहून उडालं आणि काही मिनिटांत एका वस्तीवर कोसळलं. जमिनीवरच्या पाच जणांसह 265 माणसं गेली. पुढे गेलेल्या जंबोच्या मागची वावटळ लागली होती, पण ती विमान पाडण्याइतकी नव्हती. सहवैमानिकाने रडरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय मारले आणि शेपटीचा उभा पंखच तुटला. चौकशीत जी कारणं निघाली त्यांत कंपनीचा सिम्युलेटरवरचा एक अभ्यासक्रमही होता. वावटळीचा प्रसंग दाखवताना त्यात सिम्युलेटर मुद्दाम जास्त कलवला जाई आणि वैमानिकाच्या पहिल्या हालचालींना दादच देत नसे. शिकणाऱ्याला वाटे, अजून जोर हवा. यंत्राने पायाला नको ती सवय लावली आणि पायाने ती खऱ्या विमानात वापरली.

आपल्या कार्यालयाला हे ठाऊक आहे, याचा पुरावा माझ्यासमोर आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये आपण एका कंपनीच्या 90 वैमानिकांना 737 मॅक्स चालवायला मनाई केलीत, कारण ज्या सिम्युलेटरवर त्यांचं प्रशिक्षण झालं त्यात सहवैमानिकाच्या बाजूचा, दांडा थरथरवून धोक्याचा इशारा देणारा स्टिक शेकर बंद होता. बाहेरच्यांना ती किरकोळ त्रुटी वाटली. एवढंसं थरथरणारं काहीतरी! पण 2018 आणि 2019 सालच्या मॅक्सच्या दोन अपघातांत 346 माणसं गेली, आणि त्या दोन्ही वेळी कप्तानाच्या बाजूचा शेकर जवळजवळ शेवटपर्यंत खडखडत होता. त्या खडखडाटात डोकं शाबूत ठेवणं हाच तर धडा होता. आपण त्या दिवशी तास मोजले नाहीत, तासात काय घडलं ते पाहिलंत. मला त्या निर्णयाचा आनंद झाला होता. माझी सगळी मागणी त्या निर्णयातच आहे. फक्त ती मोठ्या कंपन्यांच्या सिम्युलेटरवरून खाली, परभणीच्या मुलीपर्यंत आणायची आहे.

अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत यंत्रांवर उडायची परवानगी) असलेल्या वैमानिकाला सहा महिन्यांत काय करावं लागतं, तर सहा अप्रोच (यंत्रांवर धावपट्टीकडे उतरणं), होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या), आणि ठरलेला कोर्स पकडून धरून ठेवणं. तासांचा आकडा त्यात नाही, कामांची यादी आहे. आणि 2018 पासून हे सगळं टेबलावर मावणाऱ्या मान्यताप्राप्त लहान यंत्रावर, शेजारी शिक्षक नसतानाही करता येतं. तिथल्या खात्याने त्या यंत्रांच्या दोन पायऱ्या ठरवल्या आहेत, त्यांत काय हवं आणि काय चालणार नाही ते लिहून ठेवलं आहे. आपल्याकडेही इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या 40 तासांपैकी 20 तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे चालतात, म्हणजे तत्त्व आपल्याला मान्यच आहे. पण ती यंत्रं शाळांच्या आवारात, धावपट्टीच्या कडेला. नोकरीची वाट बघणारी मुलं पुण्या-नाशकात, लातूर-अमरावतीत, क्लासमध्ये शिकवताहेत किंवा बापाच्या दुकानात बसताहेत. जिल्ह्याच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असं लहान, आपण तपासलेलं यंत्र असावं. दर महिन्याला मुलाने यावं, यादीतली कामं करावीत आणि ती त्याच्या नावावर चढावीत.

यावर आपल्या अधिकाऱ्यांचा पहिला आक्षेप मला माहीत आहे: लबाडी होईल. होईल ना. आमच्या धंद्यात 'पार्कर अवर्स' हा शब्द आहे, म्हणजे विमानाने न केलेलं, फाउंटन पेनाने केलेलं उड्डाण. 2011 साली खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले आणि फ्लाइंग क्लबांच्या वह्या तपासल्या गेल्या, तेव्हा देशाला हे कळलं. आम्हाला त्याआधीपासून ठाऊक होतं. पण नीट पाहिलं तर पेनाची लबाडी लॉगबुकात सोपी आहे, सिम्युलेटरात अवघड. माझ्या घरातलं हे साधं यंत्रसुद्धा प्रत्येक अप्रोचचा आलेख काढून देतं: सुई कुठे सुटली, दोनशे फुटांवर कुठे होता, किती सेकंदांनी सावरला. परभणीच्या मुलीचे असे एकसष्ट कागद माझ्या फाइलमध्ये आहेत. पहिल्या दहांत लोकलायझरच्या दोन्ही बाजूंना नागमोडी रेघ आहे. अलीकडच्या कागदांवर ती रेघ शोधावी लागते. दोनशे तासांच्या कोणत्या लॉगबुकाने आपल्याला असं काही दाखवलंय?

आणखी एक, परीक्षेबद्दल थोडं. एअरलाइनमधले माझे जुने विद्यार्थी दर सहा महिन्यांनी सिम्युलेटर चेकला जातात आणि जाताना मला हसत सांगतात, "सर, व्ही-वनला इंजिन जाणार." दरवेळी तिथेच, टेक-ऑफ थांबवता येण्याच्या शेवटच्या वेगाला, जातं. नाटक पाठ झालंय. पुराव्यावर आधारलेलं प्रशिक्षण असं नाव देऊन जगभर हे बदलायचा प्रयत्न चालू आहे, आपल्याकडेही त्याची भाषा ऐकू येते. माझं म्हणणं एवढंच की ही सवय मोडायची तर ती शाळेत मोडा, एअरलाइनमध्ये फार उशीर झालेला असतो.

आणि त्यासाठी पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर आमच्या राज्यातल्या शाळांत काय चालतं ते आपण एकदा न कळवता येऊन बघा. ढग खाली टेकलेले, विमानं हँगरमध्ये, मुलं हॉस्टेलच्या गॅलरीत दोरीवरचे ओले टॉवेल बघत. आणि सिम्युलेटरच्या खोलीला कुलूप, कारण लॉगबुकात चढणारे ते वीस तास त्यांनी आधीच संपवलेले असतात. वर जे होईल ते फुकट, असं शाळेचं आणि पालकांचं दोघांचंही मत. ढगांत उडायचं शिकायला ढगांचेच चार महिने मिळतात आणि ते आपण कॅरमवर घालवतो. मी स्वतः शिकवत होतो तेव्हा मीही घालवले. क्वीन घ्यायला माझा हात चांगला होता.

परभणीच्या मुलीची गेल्या महिन्यात एका कंपनीत लेखी परीक्षा झाली, निकाल यायचाय. तोवर ती येत राहील. आपलं कार्यालय सफदरजंग विमानतळाच्या समोर आहे, पण तिथे आता शिकाऊ विमानं उडत नाहीत. म्हणून सुचवतो, पुण्याला कधी येणं झालं तर शनिवारी दुपारी चार वाजता माझ्याकडे चहाला या. खुर्ची जरा डुगडुगते आणि पेडलमागच्या विटांना पाय लावू नका. मी आपल्याला नागपूरच्या ढगांत सोडीन, सुया मधोमध लावून देईन.

व्हॅक्यूम पंप कधी बंद करीन, ते मात्र आधी सांगणार नाही.

आपला,
एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, पुणे